घरी ये

दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट आहे आणि अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतेय. मी चकल्या तळत होते. ओट्यावर आयपॅड उभा केलेला, कारण भाजणीचं प्रमाण दरवर्षी आईला फोन करून विचारायचं आणि दरवर्षी विसरायचं, म्हणून शेवटी तिचा व्हिडिओच करून ठेवलाय. तेल तापलेलं, सोऱ्या हातात, आई व्हिडिओत सांगतेय की मोहन कडकडीत पाहिजे गं, आणि तेवढ्यात तिच्या कपाळावरून एक नोटिफिकेशन खाली सरकलं. अमुक अमुकनं तुमच्या रिप्लायला लाइक केलंय. नाव ओळखीचं वाटेना. फोटोत एक लांबलचक पोरगा, मिसरूड धड फुटलेलं नाही, बगलेत बास्केटबॉल. आमच्याकडे आयपॅड सगळ्यांचा असल्यामुळे कुणाचं काय त्यावर उघडं राहिलेलं असतं त्याला धरबंध नाही. मला वाटलं लेकाचा कुणी मित्र असेल. पिठाच्या बोटानं दाबलं. रिप्लाय होता, घरी ये भावा, तुझं शहर तुझी वाट बघतंय, आणि पुढे लांडग्याची तीन तोंडं. रात्री एक वाजून सतरा मिनिटांनी टाकलेला. आणि अकाउंट लेकाचं नव्हतंच, नवऱ्याचं होतं.

आता हा माणूस कसा आहे ते तुम्हाला माहिती नाही म्हणून सांगते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या भावाच्या पन्नाशीला यानं नुसता अंगठा टाकला होता. लग्न ठरल्यावर मला पाठवलेल्या पहिल्या ईमेलमध्ये फ्लाइटची माहिती होती, आणि खाली 'रिगार्ड्स'. असा माणूस रात्री सव्वा वाजता एका सतरा वर्षांच्या, कधीही न भेटलेल्या पोराला 'घरी ये' लिहितो. मला हसूच आलं आधी. तोवर हा गॅरेजमधून धावत आत आला, हात ओले, फोन वर धरलेला, कारण तेच नोटिफिकेशन त्याच्याही फोनवर पडलं होतं. बोलला काही नाही. कोपऱ्यात उभं राहून स्क्रीनशॉट काढला. लेक टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, बाबा, तो सगळ्यांनाच लाइक करतो.

चकलीचा एक घाणा करपला त्या नादात.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, केरीला. हे अशासाठी सांगते की या भागात कॉलेज बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे गणपती असतात तसं आहे, तुम्ही मानत नसलात तरी रस्ता बंद असतोच. अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत तीन मोठी कॉलेजं. डरमला ड्यूक, चॅपल हिलला यूएनसी, रॉलीला एनसी स्टेट. गडद निळे, फिके निळे आणि लाल. नवऱ्यानं एमएस एनसी स्टेटमधून केलं, म्हणजे आम्ही लाल, आणि आमचं चिन्ह लांडगा. लाल असणं काही सोपं नाही हां. बाकी दोघांकडे कपांची रास आणि आमच्याकडे १९७४ आणि १९८३. त्र्याऐंशीच्या फायनलची शेवटची काही सेकंदं, बॉल हवेतून येतो, एकजण झेलून आत घालतो आणि तो कोच जिम वल्व्हानो कुणाला मिठी मारू म्हणून मैदानभर पळत सुटतो, ते फुटेज मी या घरात इतक्यांदा पाहिलंय की मला तो आता सासरचा कुणीतरी वाटतो. नवरा तेव्हा नाशिकला प्राथमिक शाळेत होता, बास्केटबॉल कशाशी खातात त्याला माहिती नव्हतं. पण आठवण मात्र त्याची स्वतःची असल्यासारखी सांगतो.

आणि मग २०२४ चा मार्च आला. एनसी स्टेटचं सीझन इतकं बेकार गेलं होतं की कोचला काढणार अशी बोलणी चालू होती. एसीसी, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत दहावं सीडिंग. तिथून पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकल्या, फायनलला यूएनसीला ८४–७६ हरवलं, मग देशाच्या मोठ्या स्पर्धेत शिरले आणि ड्यूकला घरी पाठवून थेट फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चौघांत, १९८३ नंतर पहिल्यांदा. कॉलेजचा बेलटॉवर, म्हणजे घंटेचा मनोरा, लाल दिव्यांनी न्हाऊन निघाला होता. आम्ही रात्री तो बघायला गेलो, पार्किंग मिळेना, लोक गाडीच्या टपावर, आणि माझा रिगार्ड्सवाला नवरा एका अनोळखी आजोबांच्या गळ्यात पडून रडत होता. मी ते बघून गप्प झाले. मला माझ्या गल्लीची आठवण आली खरं सांगायचं तर. पुढे पर्ड्यू कॉलेजकडून हरले, पण तोवर विषाणू शिरला होता. त्या उन्हाळ्यापासून हा रात्री जागून हायस्कूलच्या पोरांचे व्हिडिओ बघायला लागला. कोण कुठल्या कॉलेजला व्हिजिटला गेलं, कुणाच्या आईनं काय घातलं होतं, कुणी कुणाला फॉलो केलं, कुणी अनफॉलो केलं. लाल कपडे घातले की आशा, निळी टोपी दिसली की सुतक.

कॉलेजांनी शाळेतली चांगली पोरं आपल्या संघात ओढायची, याला रिक्रूटिंग म्हणतात, आणि यात सगळे शब्द लग्नातलेच वापरता येतात हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. व्हिजिट म्हणजे कांदेपोहे, फक्त इथं मुलाला बघायला जात नाहीत, मुलालाच सगळं घर दाखवतात, लॉकर रूम, जिम, जेवण, त्याच्या नावाची जर्सी आधीच शिवून तयार. कमिट होणं म्हणजे सुपारी फुटणं, त्याला कायद्यानं काही अर्थ नसतो. कागदावर सही म्हणजे अक्षता. आणि मधल्या काळात दुसऱ्या स्थळाकडे पळून जाणं म्हणजे फ्लिप. शेवटच्या दिवशी पोरगा कॅमेऱ्यासमोर बसतो, टेबलावर चार-पाच कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या, मागे आजी, आत्या, कोच, आणि तो एका टोपीकडे हात नेतो, थांबतो, हसतो, दुसरीकडे वळतो. त्या थांबण्यात किती जणांचं बीपी वाढत असेल. २०१२ मध्ये लॅन्डन कॉलिन्स नावाच्या (अमेरिकन) फुटबॉलवाल्यानं टीव्हीवर अलाबामा निवडलं तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या आईचा चेहरा एवढासा झाला, तिला एलएसयू (लुइझियाना स्टेट) हवं होतं आणि तिनं ते लपवलंही नाही. मला ती बाई फार जवळची वाटते.

गंमत म्हणजे फॅन लोकांनी या पोरांशी असं बोलायचंच नसतं. नियम आहे. एनसीएए नावाची जी संस्था हे सगळं चालवते तिच्या पुस्तकात कॉलेजच्या हितचिंतकाला 'बूस्टर' म्हणतात (बूस्टर म्हटलं की मला अजून दंडच दुखायला लागतो) आणि बूस्टरनं भरतीच्या पोरांशी संपर्क करायचा नाही. याचं कारणही तसंच आहे, पूर्वी हे हितचिंतक पाकिटं घेऊन जायचे. टेक्ससमधल्या एसएमयू नावाच्या कॉलेजचं फुटबॉल १९८७ मध्ये आख्खं सीझन बंद ठेवलं होतं याच भानगडीत, आणि मग पुढच्या वर्षी तर त्यांनाच टीम उभी करता आली नाही. पण फेसबुक आलं आणि पाकीट न घेता, सोफ्यावर बसून, चड्डीत, कुणीही बूस्टर व्हायला लागलं. यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट घडली ती आमच्याच गावात. २००९ मध्ये रॉलीचाच एक पोरगा, जॉन वॉल, देशातला पहिल्या नंबरचा पॉइंट गार्ड. एनसी स्टेटच्या फर्स्ट इयरच्या एका विद्यार्थ्यानं फेसबुक ग्रुप काढला, नाव काय तर 'जॉन वॉल प्लीज कम टू एनसी स्टेट', सातशेच्या वर लोक जमले. आणि त्याला त्याच्याच कॉलेजच्या ऑफिसातून पत्र आलं की हे बंद कर, नियमात बसत नाही, नाहीतर पुढची कारवाई करावी लागेल. बिचाऱ्यानं नाव बदललं. देशभर हसं झालं, की एका पोरानं आपल्या वयाच्या दुसऱ्या पोराला आमच्या कॉलेजात ये म्हणायचं नाही? जॉन वॉल केन्टकीला गेला. एक वर्ष खेळला आणि २०१० च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ पोरं निवडतात त्यात) पहिल्या नंबरवर एनबीएत. नवरा ही गोष्ट सांगताना दरवेळी शेवटी म्हणतो, गावचा पोरगा होता गं.

आणि कोचेसची अवस्था याच्या उलट. ज्यांचं ते कामच आहे त्यांच्या तोंडाला कुलूप. २००७ मध्ये एनसीएएनं कोचनं पोरांना टेक्स्ट करायलाच बंदी घातली, कारण पोरं बिचारी मेसेजनी बुडायला लागली होती. मग हळूहळू दोर सैल केला. २०१६ मध्ये काय ठरवलं, तर कोचनं पोराच्या पोस्टला लाइक करायचं, रीट्वीट करायचं, पण उघड्यावर कमेंट मात्र लिहायची नाही. बोट चालवा, तोंड नको. मला हा नियम वाचून इतकं हसू आलं होतं. आमच्या वेळी कोल्हापुरात मुलींना घरून हेच सांगितलेलं असायचं, बघ, पण बोलू नको. कॉलेजांची कम्प्लायन्स ऑफिसं, म्हणजे नियम सांभाळणारी, अजून मधूनमधून फॅन लोकांना विनवत असतात की कृपा करून पोरांना मेसेज करू नका, आणि त्याच पोस्टच्या खाली लोक पोरांना टॅग करतात. शिक्षा कुणाला करणार. लाखो लोकांना पत्रं धाडणार का.

बरं आता पैशाचंही लाजणं उरलेलं नाही. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि लगेच फॅन लोकांनी वर्गण्या काढल्या. अगदी मंडळासारख्या, महिन्याला इतके. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर मला एक पंचवीस डॉलरची ओळ दिसायला लागली, मला वाटलं कसलं तरी सबस्क्रिप्शन. ते सबस्क्रिप्शनच होतं एका अर्थी. आता तर २०२५–२६ पासून कॉलेजंच थेट देतात, एकेक कॉलेज वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर वाटू शकतं. माझं म्हणाल तर बरंच झालं, इतकी वर्षं पोरांच्या जिवावर कोच आणि टीव्हीवाले गब्बर होत होते. पण मग सव्वा वाजता 'घरी ये भावा' लिहिण्याला काय अर्थ उरतो, हे मला कळत नाही. बोली लागलेल्या मांडवात कुणीतरी कविता म्हणतोय असं वाटतं.

कदाचित म्हणूनच म्हणत असेल.

पण मला टोचत होतं ते वेगळंच. त्या संध्याकाळी लेक टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसला होता म्हणाले ना, तर तो काय करत होता? कॉलेजचे अर्ज. आमच्याकडे दिवाळी आणि अर्जाची तारीख एकाच आठवड्यात आली होती. सहाशे पन्नास शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं, त्यात तू वेगळा कसा ते दिसलं पाहिजे पण मोठेपणा नको, दुःख असलं तर चांगलं पण रडगाणं नको. तीन महिने तो निबंध घासत होता. आधी रोबोटिक्सवर लिहिला, मग काउन्सेलर म्हणाली सगळे देशी रोबोटिक्सवर लिहितात, मग आजोबांच्या सायकलवर लिहिला. तोही त्या बास्केटबॉलवाल्याच्याच वयाचा, सतरा. दोघांमध्ये ओट्यापासून टेबलापर्यंतचं अंतर आणि बाप मध्ये उभा. एका पोराला पन्नाशीचे बाप्ये रात्र रात्र जागून ये म्हणतायत आणि दुसरा पोरगा कॉलेजांना मला घ्या म्हणतोय, विषय कॉलेजचाच. लेकानं एका कॉलेजाला लिहिलेलं 'तुमच्याकडेच का यायचंय' हे उत्तर मी वाचलं होतं. इतकी अजीजी. माझ्या पोराला एवढं वाकता येतं हे मला माहिती नव्हतं. मला त्या लांबलचक पोराचा रागच आला क्षणभर. मग लाज वाटली. त्याचं काय चुकलं. तो पहाटे पाचला उठून हजार हजार वेळा बॉल टाकत असेल, तेव्हा आमचा हा झोपलेला असतो.

नवऱ्याला मी म्हटलं, त्याला लिहिलंस तसं एकदा याला लिही की. तो म्हणाला, याला काय लिहायचं, हा घरीच आहे.

मी कोल्हापूरची आहे, म्हणजे मला फॅन म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. ज्यांना माहिती नाही त्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती, चप्पल आणि मिसळ. अहो, आमच्याकडे फुटबॉल आहे. पेठापेठांच्या तालमी, मुळात कुस्तीच्या, त्यांचे फुटबॉलचे संघ. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला वरच्या गटात १६ संघ आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की आख्खी पेठ तिकडे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, नुसती नावं घेतली तरी अजून माझ्या अंगात काहीतरी होतं. आमचा दादा खेळायचा. विंगला. बुटका, पण पळायला लागला की धूळ दिसायची, दादा नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तो एकोणीस-वीसचा असेल. सीझनच्या आधी खेळाडूंची नोंदणी असते तेव्हा दुसऱ्या एका पेठेची माणसं आमच्या घरी आली. कुठली तालीम ते सांगत नाही, माहेर अजून तिथंच आहे. चौघं होते, जिना चढून वर आले, अंधारा जिना, आईनं बॅटरी धरली. चहा झाला. दादाचं एवढं कौतुक आमच्या घरात त्याआधी कधी कुणी केलेलं नव्हतं, दहावीला गणितात गेला होता तेव्हापासून तर नाहीच. मग तो त्यांच्याकडे जेवायला गेला. मटण, तांबडा, पांढरा, वर परत येताना गंगावेशीला दूध. कुठल्यातरी पतसंस्थेत चिकटवतो म्हणाले. आठ दिवस हे चाललं होतं, रोज कुणीतरी खालून हाक मारायचं, आणि दादा आरशासमोर केस नीट करून खाली जायचा, लग्न ठरलेल्या मुलीसारखा.

गेला तो. नोंदणी तिकडे केली. आणि मग आमच्याच पेठेविरुद्ध मॅच आली. मी आणि आई घरीच होतो पण मैदानावरून आलेल्यांनी सगळं सांगितलं, गॅलरीतून काय काय शिव्या पडल्या, आणि घालणारे कोण, तर ज्यांच्या मांडीवर तो वाढला ते. समोरचे काका, ज्यांनी त्याला पहिले बूट घेऊन दिले होते. दुसऱ्या दिवशी सायकलची दोन्ही चाकं फाडलेली. आई दोन दिवस नळावर पाण्याला गेली नाही. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी तेच समोरचे काका वर आले, खुर्चीवर बसले, आईनं न विचारता चहा टाकला, ते दादाला म्हणाले, पाय कसाय रं, परवा लंगडत होतास. बस. ना सॉरी ना काही. दादानं पँट वर करून सूज दाखवली. पतसंस्थेचं पुढे काही झालं नाही. दोन वर्षांनी गुडघा गेला आणि फुटबॉल सुटलं, आणि तेव्हा मात्र कुणीच जिना चढून आलं नाही, ना त्या पेठेचं ना आमच्या.

म्हणून असेल, पण त्या पोराच्या टोप्यांचा दिवस आला तेव्हा मला धाकधूक होत होती. आमच्या टीव्हीवर यूट्यूब लावलेलं, नवरा लाल स्वेटशर्टात, लेकही येऊन बसला, निकालात रस नसल्यासारखं दाखवत. पोरगा आला. बरोबर त्याची आई, धाकटी बहीण. आधी देवाचे आभार, मग आईचे, मग शाळेच्या कोचचे, कागदावरून वाचत होता आणि कागद थरथरत होता, ते मी बघितलं. मग हात पुढे. लाल टोपीवरून गेला. पुढे गेला आणि दुसरीच उचलली. कुठली ते जाऊ दे. नवरा उठला, टीव्ही बंद केला, भांडी घासायला लागला. डिशवॉशर असताना.

रात्री मला जाग आली तेव्हा शेजारी उजेड होता. मी काही बोलले नाही. सकाळी आयपॅडवर पाहिलं. आईच्या व्हिडिओसाठीच उघडला होता असं मी स्वतःला सांगितलं. त्या पोराच्या पोस्टखाली शेकडो रिप्लाय. अभिनंदन करणारे नव्या कॉलेजचे, आणि बाकीचे. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांनी घरी ये लिहिलं होतं तेच, नावं ओळखता येत होती, तीच लांडग्याची तोंडं. गद्दार. पैशासाठी विकला गेला. तसाही ओव्हररेटेडच होता. एकानं तर गुडघा फुटू दे असं लिहिलं होतं, आणि प्रोफाइलच्या फोटोत मांडीवर नातू. नवऱ्याचं काही दिसलं नाही. मला इतकं हलकं वाटलं. मग लेक मागून येऊन म्हणाला, शोधू नकोस, डिलीट केलंय त्यानं, पाचेक मिनिटं होतं. मी विचारलं काय होतं. तो म्हणाला, वाईट नव्हतं फार. मग म्हणाला, पस्तावशील असं काहीतरी.

वाईट नव्हतं फार. पण मला ते पाच मिनिटांचं वाक्य त्या गुडघ्यावाल्यापेक्षा जास्त लागलं, कारण गुडघ्यावाला माझ्या घरात राहत नाही. कोल्हापुरात शिव्या देणाऱ्याला तोंड होतं, चौथ्या दिवशी ते तोंड घेऊन जिना चढावाच लागायचा, कारण नळ एक, गल्ली एक. इथं हा माणूस कुठला जिना चढणार? केरीतून तो पोरगा राहतो तिथपर्यंत गाडीनं फार तर अर्धा तास, पण रस्ताच नाही. आणि त्या पोरानं ते वाचलं असेल का, पाच मिनिटांत? लाइक करायला वेळ होता, म्हणजे वाचत तर असणार. सगळं वाचत असणार. सतरा वर्षांचं पोर, रात्री पांघरुणात, अंगठ्यानं वर सरकवत.

नवऱ्याशी मी हे कधी बोललेच नाही. लेकही नाही बोलला. आम्ही तिघं एका गोष्टीभोवती वाट काढत राहिलो, घरात ओली फरशी असल्यासारखं. मार्चपर्यंत लेकाचे निकाल आले, एका ठिकाणी नाही, एका ठिकाणी वेटलिस्ट, दोन ठिकाणी हो, आणि शेवटी तो बाबाच्याच कॉलेजात गेला. पोर्टल उघडलं तेव्हा स्क्रीनवर कागदी तुकडे उडाले, खोटे, कम्प्युटरचे, सगळ्यांनाच उडतात म्हणे. नवरा त्याला म्हणाला, वेलकम होम. आणि हा नेहमी कोरडा असणारा पोरगा हसला, अगदी कानापर्यंत. मला त्याचं ते हसू बघून बरं वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलंच. पण त्याला कुणीतरी हे म्हणायची तो किती दिवस वाट बघत होता तेही दिसलं.

मध्ये एकदा दादाशी फोनवर बोलता बोलता हे सगळं सांगितलं. तो आता पन्नाशीचा, रंगाचं दुकान आहे, गुडघा पावसाळ्यात बोलतो. मला वाटलं तो म्हणेल, काय गं ही माणसं. मी विचारलं, तुला आता राग येतो का रे त्या लोकांचा, मटण खायला घालून नेलं आणि नंतर विचारलं नाही? तो बराच वेळ गप्प. मागे दुकानात मिक्सरचं मशीन घरघरत होतं. मग म्हणाला, राग कसला. मला न्यायला चार माणसं जिना चढून आली होती गं. चार. आई बॅटरी धरून उभी होती, तुला आठवतंय का? म्हटलं आठवतंय. म्हणाला, त्यातला एकजण तर पायानं अधू होता, तरी आला. आणि मटण लई भारी होतं.

आत्ता एप्रिलमध्ये काय झालं, तो पोरगा ट्रान्सफर पोर्टलमध्ये आला. म्हणजे जिथं गेला होता तिथून त्याला निघायचंय, नव्यानं सगळी स्थळं खुली. फार खेळवलं नाही म्हणे त्याला, बेंचवरच बसून होता. आजकाल हे सर्रास आहे, आणि ते वाईटच असतं असंही नाही, आमचा तो २०२४ चा डी. जे. हॉर्न रॉलीकडचाच, आधी इलिनॉय स्टेट, मग ॲरिझोना स्टेट, आणि शेवटच्या वर्षी घरी आला तेव्हा फायनल फोर. तर शनिवार होता, मी पोळ्या लाटत होते, लेक कपडे धुवायला घरी आलेला. नवरा फोन घेऊन किचनमध्ये आला आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं काय. त्यानं फोन पुढे केला. तोच पोरगा, आता मिशी आलेली, चार ओळींचं निवेदन, कोचचे आभार, साथीदारांचे आभार, पुढं काय ते देव ठरवेल. खाली रिप्लाय वाहायला लागले होते. घरी ये. घरी ये भावा. लांडगे.

काय लिहू गं, त्यानं विचारलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी काय लिहू असं विचारलेलं नाही. लेकानं कपड्यांच्या ढिगातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी तव्याकडे बघत म्हटलं, काही नको लिहूस.

तो बराच वेळ अंगठा स्क्रीनवर धरून उभा होता. मग गॅरेजमध्ये गेला. पोळ्या झाल्यावर मी हात धुतले, पुसले, आणि आयपॅड उघडून त्याचं अकाउंट पाहिलं. रिप्लाय नव्हता. पोस्टला लाइक केलं होतं. नुसतं लाइक, कोचला चालतं तेवढंच.